जुमीची पावलं

वावेखारच्या मिठागरात उतरायचं तर चपला बांधावरच काढून ठेवाव्या लागतात. यात देवाधर्माचं काही नाही. वाफ्याच्या तळाला टाचेचा खड्डा पडू नये, एवढंच. हा तळ दरवर्षी पायांनी तुडवून इतका कडक करतात की त्यावर खाडीचं पाणी भरलं तरी ते खाली जिरत नाही, वरच्यावर उन्हात आटतं आणि मीठ धरतं. असे चाळीस वाफे आहेत. एकोणचाळीस वाफ्यांत कुठेही पाय ठेवा, पाटावर ठेवल्यासारखं वाटेल.

चाळिसावा वाफा खाडीच्या अंगाला, अगदी शेवटी. त्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात दोन पावलं मावतील एवढी जागा मऊ आहे. तिथे उभं राहिलं तर पाय हळूहळू घोट्यापर्यंत आत जातात. भोवती पांढरंशुभ्र मीठ धरतं आणि तेवढी जागा काळीच्या काळी राहते. बघायला येणारी शहरातली माणसं हटकून विचारतात, एवढं तुडवायचं राहून गेलं का? इथले लोक त्यांना शांतपणे सांगतात की राहून गेलेलं नाही, मुद्दाम राखलेलं आहे. त्या जागेला जुमीची पावलं म्हणतात.

गोष्ट केव्हाची, ते नक्की कोणाला सांगता येत नाही. किनाऱ्यावर तेव्हा सिद्दींचा अंमल होता म्हणे. समुद्रापलीकडच्या हबसाणातून गलबतं भरभरून माणसं येत. त्यांतली काही नशिबाने किल्ल्यावर पोचली आणि सरदार झाली. बाकीची बाजारात उभी राहिली, विकली गेली, आणि कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या होडीवर, कोणाच्या मिठागरात राबत राहिली. एकाच मुलखाची माणसं, एकाच रंगाची, पण एक तटावरून सलाम घेतोय आणि दुसरा खाली चिखलात उभा, असं त्या काळी दिसायचं. कोणाला त्यात नवल वाटत नसे, हेच खरं तर नवल.

वावेखारच्या मिठागराचा मालक हरबाजी शिलोत्री. खारजमिनीला बांध घालून ती लागवडीला आणणाऱ्या मालकाला इकडे शिलोत्री म्हणत. त्याच्याकडे सोसन नावाची हबशी बटीक होती. ती विकत आणलेली नव्हती, तिच्या आईला आणलं होतं. सोसन मिठागरातच जन्मली. चालायला लागली ती मिठावरच, असं तिच्याबद्दल सांगतात. तळ तुडवण्यात तिचा हात, म्हणजे पाय म्हणा, धरणारं कोणी नव्हतं. डोळे मिटून वाफ्यातून चालत जायची आणि कुठे कच्चं राहिलंय ते अंगठ्याने सांगायची.

तिचा नवरा मर्जान हाही हबशी, पण दुसऱ्या मालकाचा. तो एका नाखव्याच्या गलबतावर खलाशी होता. वर्षातले आठ महिने दर्यावर, पावसाळ्यात चार महिने खाडीत. त्यांना एक मुलगी झाली. आई बटीक, तेव्हा मुलगीही शिलोत्र्याचीच. मोठ्या घरात तिचं नाव मोगरी ठेवलं, कारण तिथे सगळ्या बटकींची नावं फुलांवरून ठेवायची पद्धत होती. पण ती शुक्रवारी, जुम्याच्या दिवशी जन्मली म्हणून सोसन तिला जुमी म्हणायची.

जुमी सहा वर्षांची असताना मर्जानचा नाखवा आजारी पडला. मरताना त्याने गावातली चार माणसं बोलावली आणि त्यांच्यादेखत मर्जानला म्हणाला, तू मोकळा. एवढंच म्हणाला आणि गेला. मर्जान मोकळा झाला खरा, पण मोकळ्या माणसाने जायचं कुठे? त्याची दोन्ही माणसं शिलोत्र्याच्या परसात होती. तो सरळ मोठ्या घरी गेला आणि अंगणात उभा राहिला.

"धनी, माझी बायको नि पोर तुमच्याकडं हाय," तो म्हणाला. "काय घ्याल नि सोडाल?"

हरबाजी हसला. काही तो फार दुष्ट माणूस होता असं नाही. आपल्याला सगळं शोभतं असं वाटणाऱ्या माणसांपैकी होता. त्याने विचारलं, तुझ्याकडे आहे काय? मर्जानकडे अंगावरचं धोतर होतं. तेव्हा हरबाजीने खाडीकडे बोट केलं. चाळिसावा वाफा कोणी करत नव्हतं, तिथे मीठ नीट धरत नसे. तो त्याने मर्जानला दिला. दिवसभर त्याने शिलोत्र्याच्या वाफ्यांवर राबायचं आणि उजाडताना व तिन्हीसांजेला आपला वाफा बघायचा. तिथलं मीठ ओढून वाफ्यातच रास घालायची. जे माणूस सोडवायचं, त्याच्या डोक्याएवढी रास झाली की माणूस न्यावं आणि रास शिलोत्र्याची. मात्र रास एका हंगामाची, पाऊस लागायच्या आत. अपुरी राहिली तर तीही शिलोत्र्याची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तळापासून सुरुवात.

ऐकणाऱ्यांना हे सोपं वाटतं. ज्याने मीठ ओढलंय त्याला विचारा. रास म्हणजे काही खांब नव्हे. तिचं टोक वीतभर वर न्यायचं तर आधी बूड चहू अंगांनी वाढवावं लागतं, नाहीतर वर टाकलेलं मीठ घरंगळून खाली येतं. कमरेपर्यंतची रास एकटा माणूस महिन्यात घालेल. खांद्याच्या वर एकेका बोटासाठी आठवडा जातो. हरबाजीला हे ठाऊक होतं. शिवाय त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. सोसनची उंची वाढायची थांबली होती. जुमीची वाढायची होती.

त्या दिवशी सोसनने मर्जानला परसदारी गाठून सांगितलं, "पहिली जुमी."

मर्जानने मान हलवली. पण हंगामाच्या सुरुवातीला कोणाची रास घालतोस असं शिलोत्र्याने विचारलं, तेव्हा त्याने सोसनचं नाव सांगितलं.

त्याचा विचार असा, की आपण दर्यावरचे. मिठातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. सोसन आली तर तळ नीट बसेल, दोनाचे चार हात होतील, आणि पुढच्या हंगामात जुमीची रास सहज उभी राहील. शिवाय सात वर्षांची पोर एकटी घेऊन दिवसभर मिठागरात तो काय करणार? विचारात खोट काढावी असं काही नव्हतं. पण आईच्या गळी तो उतरण्यासारखा नव्हता, आणि मर्जानने तिला आधी विचारलंही नाही. हंगाम संपत आला तेव्हा कुठे तिला कळलं की वाफ्यात वाढतेय ती रास तिची आहे.

मोजायच्या दिवशी हरबाजीने सोसनला बांधावर उभं केलं. रास खाली वाफ्यात, सोसन वर बांधावर, आणि बांध हातभर उंच. अर्थातच रास हातभर कमी भरली. तेव्हा सोसनच बोलली म्हणे, खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"रास जिथं, मानूस तिथं. रास बांधावर असती तर मी बांधावर. रास वाफ्यात हाय."

जमलेल्या मिठागरी लोकांत कुजबुज झाली. पोशा नावाचा म्हातारा आगरी होता, वयाने सगळ्यांत मोठा, त्याने मान डोलावली. चार लोकांसमोर हलकं दिसायला नको म्हणून हरबाजी मोठ्या मनाने म्हणाला, "बरं. रास उभी त्या तळावर माणूस उभं. यापुढं हाच कायदा." सोसन खाली उतरली, राशीशेजारी उभी राहिली, आणि रास बरोबर भरली.

ती मोठ्या घरातून निघाली तेव्हा जुमी परसात राखेने तांब्या घासत होती. "मी कधी?" जुमीने विचारलं. सोसन म्हणाली, "रास झाली की." तांब्या खाली न ठेवता पोर तिच्याकडे बघत राहिली. ते बघणं सोसन पुढे कधी विसरली नाही.

त्या दिवसापासून तिने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तिने जेवणातलं मीठ सोडलं. जुमी घरात येईल तेव्हाच चुलीवरच्या कालवणात मीठ पडेल, असं ती मनाशी बोलली. हातापायांच्या भेगांत मीठ, केसांत मीठ, पापण्यांवर मीठ, आणि ताटात मात्र अळणी. मर्जानही तेच अळणी जेवायचा. चूल एकच होती. दुसरी गोष्ट अशी, की ती मर्जानशी कामापुरतं बोलायला लागली. पाणी सोड. फळी दे. तो कोपरा ओढ. तिचं त्याच्यावरचं प्रेम आटलं होतं असं नव्हे. त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं की पहिली जुमी का नाही, एवढंच बाहेर पडेल याची तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या वर्षी रास जुमीच्या कानापर्यंत आली आणि चैत्रात अवकाळी पाऊस झाला. एका दुपारीत अर्धी रास पाणी होऊन खाडीला मिळाली. तिसऱ्या वर्षी माघातल्या उधाणाने बांध फुटला आणि तळावर वीतभर गाळ बसला. चौथं वर्ष चांगलं गेलं. इतकं चांगलं की शिलोत्र्याच्या वाफ्यांत पोत्यांना जागा पुरेना. पण त्या वर्षात जुमीनेच अंग धरलं. ज्येष्ठात आभाळ भरून आलं तेव्हा रास तिच्या भुवईला लागली होती. भुवई आणि डोकं यांत अंतर ते किती? तेवढ्यावर ते वर्ष गेलं.

लेक वाढली की आया दृष्ट काढतात, शेजारणींना सांगतात. सोसनला धडकी भरायची. मोठ्या घराचं उष्टं खाऊनही पोर सुरूच्या झाडासारखी सरळ वर चालली होती. जुमीलाही ते कळत होतं. मिठागरात भाकऱ्या पोचवायला आली की ती आईसमोर पोक काढून चालायची, गुडघे वाकवून उभी राहायची. एकदा सोसनने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"ताठ चाल," ती म्हणाली. "तू वाढतेस यात तुझा काय गुन्हा?"

मग बांधाआड जाऊन ती खूप रडली, असं सांगतात.

पाचव्या वर्षी, पावसाळा संपून वाफे तुडवायला घ्यायची वेळ आली, तेव्हा बातमी आली की शिलोत्र्याच्या मुलीचं लग्न ठरलं. सासर घाटावर, आठ दिवसांच्या वाटेवर. लग्न वैशाखात, अक्षय्य तृतीयेला. आणि नवरीबरोबर आंदण म्हणून दोन गाई, तांब्याची भांडी आणि मोगरी. म्हणजे जुमी. मर्जान धावत मोठ्या घरी गेला. हरबाजी म्हणाला, माझा शब्द शब्द आहे. रास घाल आणि ने. फक्त आता पावसाच्या आत नाही, वरात निघायच्या आत. हंगामाचा सव्वा महिना असा एका वाक्यात गेला.

त्या वर्षी तळ तुडवताना सोसनने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. वाफ्यात एका टोकाला उभी राहून, कमरेवर हात ठेवून, टाच आधी मग पंजा, अशी ती रांगेने तुडवत गेली. पाच दिवस लागले. मर्जान आला तेव्हा तळ आरशासारखा झाला होता. उत्तरेच्या कोपऱ्यातही वरून सगळं गुळगुळीत दिसत होतं. तिथे दोन पावलांएवढी जागा तिने हाताने नुसती लिंपली होती, पाय लावला नव्हता. रास कुठे घालायची तेही तिनेच दाखवलं, त्या कोपऱ्यापासून चार हातांवर.

हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. का, याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. पुरुषमंडळी म्हणतात, मर्जानच्या तोंडावरचं सगळं वाचता यायचं, शिलोत्र्याने ओळखलं असतं. बायका म्हणतात, त्यानेही एकदा तिला न विचारता ठरवलं होतं. दोन्ही खरं असेल.

कच्च्या जागेतून पाणी झिरपायचं. सोसन रोज चार घागरी जास्तीच्या आणून ओतायची. मर्जान म्हणायचा, खेकड्याने बीळ केलेलं दिसतंय. ती म्हणायची, असेल.

हंगाम कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. दोघांच्या तळव्यांची सालं निघाली होती. वैशाख उजाडला तेव्हा रास जुमीच्या डोक्याला अजून वीतभर कमी होती. मोजायला तीन दिवस उरले. आणि इथे मर्जानच्या हातून ती चूक झाली, जी जन्माच्या मिठागऱ्याच्या हातून झाली नसती. वाफ्यातून ओढलेलं मीठ आधी कडेला ठेवून निथळू द्यायचं असतं. त्यातलं कडू पाणी निघून गेलं की ते हलकं होतं, मग राशीवर जातं. ओलं मीठ तसंच वर टाकलं तर टाकताना रास उंच दिसते आणि सकाळपर्यंत पाणी सोडून बसते. मर्जानला हे सांगितलेलं होतं. पण तीन दिवसांत माणसाला काय काय आठवणार? तो ओढायचा आणि टाकायचा, ओढायचा आणि टाकायचा. सोसन बघत होती. निथळायला वेळच नव्हता, तेव्हा अडवून उपयोग नव्हता. तीही त्याच्याबरोबर टाकत राहिली.

आदल्या दिवशी सूर्य बुडताना मर्जानने बांबू धरून पाहिला. जुमीच्या उंचीची खूण त्याने बांबूवर करून ठेवली होती. रास खुणेला लागली होती. पाच वर्षांत तो पहिल्यांदा गाढ झोपला.

सकाळी रास चार बोटं खाली बसलेली होती.

मर्जानने बांबू दोनदा, तीनदा लावला. मग वाफ्याकडे पाहिलं. तिथे नुसता ओला तळ होता, ओढायला चिमूटभर मीठ नव्हतं. तो राशीशेजारी खाली बसला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "आजचं नाय. पयल्या वर्षीचं. तू सांगितलं होतंस नि मी ऐकलं नाय."

चार वर्षं हे वाक्य सोसनला हवं होतं. ते आलं तेव्हा तिला त्याची फक्त कीव आली. ती म्हणाली, "ऊठ. तोंड धू. मानसं येतील."

माणसं आली. लग्नघरची पाहुणेमंडळी आली, चाळीस वाफ्यांवरचे सगळे मिठागरी आले. हरबाजी जरीचा अंगरखा आणि नवे जोडे घालून बांधावर उभा राहिला. मोजायला पोशा म्हाताऱ्याला बोलावलं, कारण त्याच्या डोळ्यांवर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. मोजायची रीत अशी ठरली, की बांबूचं एक टोक राशीच्या टोकावर, दुसरं जुमीच्या डोक्यावर, आणि मधोमध पाणी भरलेली वाटी. पाणी कोणत्या बाजूला सांडतं ते सगळ्यांनी बघायचं.

जुमीला आणलं. आता तिला बारावं वर्ष लागलं होतं. उद्याच्या प्रवासासाठी तिला नवं लुगडं नेसवलेलं होतं. राशीकडे पाहताच तिला कळलं. मिठागरातलीच पोर ती. तिने नकळत गुडघे वाकवले.

सोसनने तिचा हात धरला आणि राशीला वळसा घालून तिला उत्तरेच्या कोपऱ्यात नेलं. "हितं," ती म्हणाली. "पाय जवळ घे. आनी ताठ उभी ऱ्हा. आज ताठच ऱ्हायचं."

जुमी ताठ उभी राहिली. सोसनने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, मग तिच्या गळ्याभोवती टाकले, आणि आपलं सगळं अंग तिच्यावर सोडून दिलं. बांधावरच्या पाहुण्यांना वाटलं, उद्या ताटातूट व्हायची म्हणून आई लेकीला कवटाळून रडतेय. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सोसन रडत होती हे खरंच. पण ती दाबत होती. पाच दिवस ज्या पायांनी तिने सगळा तळ घट्ट केला, ते पाय तिने उचलून धरले होते आणि आपला सारा भार लेकीच्या खांद्यांवर दिला होता. पोरीच्या पायाखालचा चिखल हळूहळू बाजूला सरत होता. जुमीच्या डोळ्यांत आधी भीती दिसली, मग आई काय करतेय ते तिला कळलं आणि तिने श्वास रोखला.

"पुरे आता, बाजूला हो," हरबाजी वरून म्हणाला.

सोसन बाजूला झाली. पोशा म्हातारा बांबू घेऊन पुढे आला. त्याने टोक राशीवर ठेवलं, आणि दुसरं जुमीच्या डोक्यावर ठेवताना त्याची नजर खाली गेली. पोरीचे पैंजण दिसत नव्हते. घोटेच दिसत नव्हते. लुगड्याचा काठ तळावर पसरला होता, आणि जवळून बघणाऱ्याला काय झालंय ते लगेच कळत होतं. पोशाने सोसनकडे पाहिलं. साठ वर्षं तो मीठ तुडवत होता. या बाईच्या हातून तळ कच्चा राहत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने वाटी बांबूच्या मधोमध ठेवली. पाणी हललं आणि स्थिर झालं. थेंब सांडला नाही.

"राशीएवढी," पोशा म्हणाला.

"नीट बघ," हरबाजी म्हणाला.

"मी बघितलं, धनी. राशीएवढी."

हरबाजीने इतरांकडे पाहिलं. वाफ्याच्या कडेने तीस-चाळीस मिठागरी उभे होते, हबशी होते, आगरी होते. त्यांतल्या निम्म्यांना तरी पोरीचे पाय दिसत असणार. त्यांतला प्रत्येक जण शिलोत्र्याचं खाणारा होता. पहिल्यांदा एक बाई म्हणाली, राशीएवढी. मग तिच्या शेजारचा म्हणाला. मग कडेकडेने तो शब्द फिरत गेला आणि सगळ्यांनी तो उच्चारला.

हरबाजीला कळलं होतं का? इथेही दोन मतं आहेत. काही म्हणतात, नवे जोडे चिखलात घालायचे नव्हते म्हणून तो खाली उतरला नाही आणि फसला. काही म्हणतात, त्याला सगळं दिसलं, पण रास उभी त्या तळावर माणूस उभं हा कायदा त्यानेच केला होता, आणि तळ कडक असलाच पाहिजे असं म्हणायचं तो विसरला होता. पाहुण्यांसमोर तो काय बोलणार? त्याने हात झटकला, ने म्हणाला, आणि पाहुण्यांना घेऊन घराकडे वळला.

मर्जान धावत गेला. त्याने लेकीला काखेत धरून उचललं, तेव्हा ती येईना. त्याने जोर लावला, आणि चिखलाने तिचे पाय सोडले. ती राशीशेजारी कडक तळावर उभी राहिली, घोट्यापर्यंत काळी, आणि राशीपेक्षा चार बोटं उंच.

मर्जानने तिचे पाय पाहिले. मग कोपऱ्यातली ती दोन भोकं पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. आणि त्याच वेळी, असं सांगतात, वाफ्याच्या कडेला उभी असलेली सगळी माणसं एकाएकी वळली आणि खाडीकडे बघू लागली. खाडीत काही नव्हतं. ओहोटी होती, दोन बगळे होते. पण पोर राशीपेक्षा उंच आहे हे ज्याने पाहिलं, त्याला ते कोणी विचारलं तर सांगावं लागलं असतं. म्हणून कोणीच पाहिलं नाही. तिघं बांधावर चढून घराकडे लागेपर्यंत ती सगळी तशीच पाठमोरी उभी होती.

मर्जान पुढे, मधे जुमी, मागे सोसन. झोपडी आली. सोसनने चूल पेटवली, मडकं चढवलं. चार वर्षं ती नवऱ्याशी मिठाखेरीज दुसरं काही बोलली नव्हती. त्या दिवशीही ती मिठाबद्दलच बोलली.

"आज कालवनात मीठ घालते," ती म्हणाली. "चवीला बघून सांगा, सवय गेलीय माझी."

जुमीने सांगितलं, खारट झालंय. आणि तिघांनी मडकं पुसून खाल्लं.

मिठागराचे मालक पुढे कितीदा बदलले. चाळीस वाफे कधी याच्याकडे गेले, कधी त्याच्याकडे. पण आजही पावसाळा संपून तुडवणीला सुरुवात होते त्या दिवशी गावात सगळ्यांकडे दुपारपर्यंत अळणी जेवण असतं. शेवटचा वाफा गावातली सर्वांत वयस्क बाई तुडवते, आणि उत्तरेच्या कोपऱ्याशी आली की थांबते, वाकते, तेवढी जागा हाताने लिंपते. तिथून पाणी झिरपतं, वर्षाला पाच-सहा पोती मीठ कमी होतं. आजवर एकाही मालकाने तो कोपरा पक्का करा असं म्हटलेलं नाही.

वैशाखात, पहिली रास उभी राहिली की गावातल्या वाढत्या पोरांना एकेक करून त्या जागी उभं करतात. हबशांची पोरं, आगऱ्यांची पोरं, सुट्टीला आलेली मुंबईची पोरंसुद्धा. आई मागून खांद्यांवर हात ठेवते. बांधावरून कोणीतरी विचारतं, पोर केवढं? रास कमरेएवढी असो की झाडाएवढी, सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं असतं, राशीएवढं. तुमच्याबरोबर लहान कोणी आलं असेल तर त्यालाही उतरवा, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. फक्त त्याला चिखलातून वर काढाल तेव्हा इथे जमलेले सगळे खाडीकडे तोंड करतील. तुम्हीही करा.